खळ्यावरचे बूट

दोन हजार तेवीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर ‘तुमचं चुकलं’ असं माझ्या तोंडावर सांगणारं माणूस सगळ्या उत्तनमध्ये एकच होतं, माझी बायको भारती. तिचं ऐकायची मला सवय नव्हती.

बंदी पुन्हा लागली, म्हणून हे लिहायला बसलोय. जून आणि जुलै, दोन महिने समुद्रात जाळं टाकायचं नाही. मासळीची वीण होऊ द्यायची. होड्या वर ओढून ठेवल्यात, त्यांच्यावर निळ्या ताडपत्र्या, ताडपत्रीवर जुने टायर. वारा आत शिरला की ताडपत्री फुगते आणि दुपारच्या झोपेत मला वाटतं शीड भरलं. शिडाची होडी मी लहानपणी बघितली, नंतर सगळं इंजिनावर आलं, पण कान अजून तिथेच आहेत. या दिवसांत गावाला वेगळाच वास असतो. मासळीचा कमी होतो, आणि तेलाचा, ओल्या दोराचा, कोणाकडे तरी निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या सुक्या बोंबलाचा वर येतो. समुद्र दिवसभर बोंबलतो आणि गाव गप्प असतं. बाकी दहा महिने याच्या बरोबर उलट.

आणि खळं मोकळं होतं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. उभे-आडवे बांबू बांधून आम्ही वलांडी करतो आणि तिच्यावर बोंबील जोडीजोडीने, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून टांगतो. पावसात वलांड्या सोडतात, बांबू कडेला रचतात. मग उरतो तो चिखलाचा एक चौकोन. तिथे उत्तनची पोरं फुटबॉल खेळतात. मी पोर होतो तेव्हाही खेळायची. वलांडीचेच चार बांबू काढून दोन गोल उभे करायचे, मागे डोल जाळ्याचा फाटका तुकडा बांधायचा. बॉल जाळ्यात गेला की त्यातून अजून बोंबलाचा वास उडतो. बाहेरून आलेल्या टीमा नाक धरायच्या. आम्हाला तो वास म्हणजे गोल झाला याची खूण.

खळ्याचा एक कायदा होता. चपला बाहेर. तिथे माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू वाळते, तिथे पायताण घालून कोणी फिरत नाही. होडीवरही नाही. होडीच्या फळीवर अनवाणी पाय ठेवला की खाली इंजिन कसं चाललंय, पाणी कुठून मारतंय, हे तळव्याला कळतं. तीस वर्षं मी तांडेल होतो. होडीचा मुख्य, जाळं कुठे टाकायचं आणि कधी परतायचं हे ठरवणारा. त्या तीस वर्षांत पायात काही घालून मी होडीवर चढलेलो नाही. माझा तळवा बघून एकदा भाईंदरच्या डॉक्टराने विचारलं होतं, काका, याला सुई जाईल का. मी म्हणालो, वाकेल.

मोतीबिंदू झाला, होडी सोडली, आणि पोरांना खेळवायला लागलो. शिक्षण चौथीपर्यंत. कोच हा शब्द लोकांनी मला चिकटवला, मी मागितला नव्हता. मला खेळवायची एकच रीत माहीत, होडीची. गोलकीपर म्हणजे सुकाणू. पुढे खेळणारे दोघे म्हणजे नाळ, होडीचं तोंड. लाटेत नाळ सरळ राहिली पाहिजे. शिट्टी मी कधी वापरली नाही, माझी हाक पुरायची. आणि हुकूम एकाच तोंडातून. होडीवर लाट आली असताना चार जणांनी चार मतं दिली तर पाचव्या मिनिटाला सगळे पाण्यात. हे मी खरं सांगतोय, ते आजही मला खोटं वाटत नाही. फक्त खळ्यावर लाट येत नाही, एवढं मी विसरलो होतो.

त्या वर्षी आमची टीम फार चांगली होती. कप्तान हर्षद, आमच्या आळीचा, शांत, दोन वेळा विचार करून एकदा बोलणारा. आणि जोयल. चर्चच्या मागच्या बाजूला त्याचं घर. बाप लहानपणी गेला, आईने मासळी विकून वाढवला. तेवीस वर्षांचा, होडीवर खलाशी, डाव्या पायाचा. चिखलात बॉल सगळ्यांना अडकतो. जोयलच्या पायाला बॉल असा लागायचा की जणू चिखलानेच त्याला वाट काढून दिली. त्याला खेळताना बघून मला पाण्याखालून जाणाऱ्या माशाची आठवण यायची, वर फक्त एक रेघ दिसते. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्यात पोरांना असं तोंडावर सांगत नाहीत. ही पण एक वाईट सवय.

मीरा-भाईंदरच्या पावसाळी स्पर्धेत आम्ही चिखलाच्या मैदानांवर सामन्यामागून सामना जिंकत फायनलला आलो. बंदी उठायला आठवडा होता. फायनल मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या बाजूच्या एका टर्फवर. सात-सात जणांचा खेळ. समोर इंद्रलोक वसाहतीच्या पोरांची टीम.

बर्फाच्या टेम्पोतून गेलो. टेम्पोवाला आमचाच, रविवारी रिकामा होता. पोरं फळ्यांना टेकून उभी, गात होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. उतरल्यावर मैदान बघितलं. चारी बाजूंनी उंच जाळी, वर दिवे, आणि खाली हिरवं प्लॅस्टिकचं गवत. पावसाने चिंब भिजलेलं. हात लावून बघितला. ब्रशसारखं. आत काळे रबराचे दाणे. आयुष्यभर पाणी ओळखलेला माणूस मी, आणि हे काय आहे हे मला ओळखता येईना. पण तसं म्हणायचं कोणाला?

तेव्हा समोरच्या टीमचा कोच आला. तिशीचा पोरगा, टोपी उलटी घातलेली, गळ्यात शिट्टी. आमच्या पोरांचे पाय बघितले, मग मला म्हणाला, “अंकल, हमारे पास जूते एक्स्ट्रा हैं. साइज देख लो, जिसको आए वो पहन ले. इसपे नंगे पैर मत खेलो, छिल जाएगा.”

चांगल्या मनाने म्हणाला. आज मला ते स्वच्छ ऐकू येतं. पण त्या क्षणाला जाळीच्या मागून त्यांच्यातलाच कोणीतरी ‘सूखी मच्छी आ गयी’ असं म्हणून हसला होता, आणि माझ्या कानात ते हसू आधी शिरलं. मी त्या कोचला म्हणालो की आमची पोरं समुद्रावर उभी राहतात, तुझ्या सतरंजीवर पण उभी राहतील.

तो खांदे उडवून गेला. हर्षद जवळ आला, म्हणाला, तांडेल, जोयलने स्वतःचे बूट आणलेत. नवे. टेम्पोत आहेत.

मी जोयलकडे बघितलं. तो टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला होता, मांडीवर पिशवी. पिशवीच्या तोंडातून पिवळ्या रंगाचं काहीतरी दिसत होतं. मे महिन्याच्या शेवटच्या खेपेला त्याच्या वाट्याला जे आलं त्यातून त्याने ते घेतले होते, हे मला नंतर कळलं. पावसाळाभर घरात ठेवले होते. माझ्या भीतीने खळ्यावर आणले नव्हते.

“सगळे अनवाणी, न्हायतर कोणीच न्हाय,” मी म्हणालो. “पिशवी तिथंच ठेव.”

त्याने पिशवी बर्फाच्या पेटीमागे सरकवली आणि खाली उतरला. होडीवरही तो असाच, सांगितलं की करणारा.

पुढचं लांबवत नाही. पाच-शून्य. चिखलात पाय रुततो, म्हणून आमच्या पोरांना रुतवून वळायची सवय. या गवतावर पाय रुतायचा नाही, घसरायचा, आणि घसरला की साल निघायची. पहिल्या अर्ध्या तासात दोघांच्या टाचा सोलल्या. मध्यांतराला हर्षद पुन्हा आला. या वेळी त्याने नुसतं विचारलं, काय करायचं? मी म्हणालो, दम लावायचा. याहून शहाणं काही माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या डावात जोयलने एक बॉल अडवायला पाय घातला आणि समोरच्याचा बूट त्याच्या अंगठ्यावर आला. नख उलटलं. तो तरीही पाच-सात मिनिटं खेळला, हिरव्या गवतावर लाल ठिपके टाकत. मग जाळीला धरून बसला.

हरणं मला नवं नव्हतं. समुद्र आठवड्यातून दोनदा हरवतो. पण बक्षीस देताना आयोजकांनी हरलेल्या टीमच्या कोचला माइक दिला. माइक हातात आला की माणसाला वाटतं काहीतरी बोललंच पाहिजे. मी म्हणालो की पोरांनी मेहनत घेतली नाही. मोबाईलमध्ये जीव. आमच्या वेळी असं नव्हतं. आणि पुढे म्हणालो की एकजण तर अंगठ्याला जरा लागलं म्हणून बसून राहिला.

परत येताना टेम्पोत कोणी गायलं नाही. उत्तनला पोचल्यावर मी सगळ्यांत आधी उतरलो आणि मागे न बघता घरी आलो. तोवर माझं माइकवरचं बोलणं मोबाईलवरून गावात माझ्या आधी पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी खळ्यावर गेलो. कोणी नव्हतं. बांबूच्या गोलावर एक बगळा बसला होता. तिसऱ्या दिवशीही. बॉल मी काखेत घेऊन उभा. माणूस एकटा बॉल घेऊन उभा राहिला की फार मूर्ख दिसतो, वयाने जास्तच. समोरच्या ओट्यावर जाळं विणत बसलेल्या एकाने विचारलं, काय तांडेल, आज सुट्टी? मी म्हणालो, पोरांना विश्रांती दिली. तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, हो, त्यांनी पण तुला दिलेली दिसते.

टीव्हीवर मोठमोठ्या टीमांचे कोच मी बघितले आहेत. हरल्यावर टेबलामागे बसतात, पुढ्यात दहा माइक, आणि म्हणतात, जबाबदारी माझी, माझंच गणित चुकलं. मला वाटायचं यांना तेवढ्यासाठी पगार मिळतो, म्हणून कागदावर लिहिलेलं वाचतात. माझा नातू म्हणायचा, आजोबा, ते खरं बोलतात. मी हसायचो. खरं बोलणारा माणूस एवढे कडक इस्त्रीचे कपडे कशाला घालेल?

चौथ्या दिवशी दुपारी भारती चुलीपुढे बोंबील भाजत बसली होती. गॅस आहे घरात, पण सुका बोंबील ती चुलीवरच भाजते. माझ्यापुढे ताट ठेवलं आणि बसली. म्हणाली, जोयलची आई बाजारात भेटली होती. अंगठा सुजलाय. खाऱ्या पाण्यात महिनाभर पाय घालायचा नाही, डॉक्टर बोलला. म्हणजे पहिली खेप गेली त्याची.

पहिली खेप म्हणजे बंदी उठल्यावरची. दोन महिने समुद्र विसावलेला असतो, जाळं भरून येतं. होडी सजवतात, नारळ वाढवतात. वर्षभर खलाशी त्या एका दिवसाची वाट बघतो. त्या दिवशी जो खाली किनाऱ्यावर राहिला तो पुढचं सगळं वर्ष जरा वाकडाच चालतो.

भारतीने बोंबील मोडून माझ्या ताटात टाकला.

“अवो, तीस वरसं जाळं रिकामं आलं का पहिलं कोण उतरायचं?”

“मी.”

“उतरून बायकांना काय सांगायचात?”

मी जेवत राहिलो. ती उत्तरासाठी थांबली नव्हती. तिला माहीत होतं, कारण ती स्वतः त्या बायकांमध्ये टोपली घेऊन उभी असायची.

आमच्याकडे ही रीत आहे. निदान माझ्या बापाच्या होडीवर होती आणि माझ्या होडीवर होती. जाळं रिकामं आलं तर किनाऱ्याला लागल्यावर खलाशी होडीतच बसतात, डोकं खाली. तांडेल एकटा गुडघाभर पाण्यात उतरतो, टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांपुढे जातो, आणि म्हणतो, पाणी मी ओळखलं नाही. एवढंच. बायका शिव्या देतात, कोणी हसते, कोणी टोपली उलटी करून तिच्यावर बसते. सगळं तांडेलाने ऐकायचं. मग खलाशी उतरतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.

एकदा माझ्या बापाच्या होडीवर एक खलाशी झोपला, त्यामुळे जाळं वेळेवर ओढलं गेलं नाही, ओहोटी लागली, सगळं गेलं. मी तेव्हा पंधराचा, होडीवर नवा. डोळ्यांनी बघितलं होतं. तरी बाप पाण्यात उतरून म्हणाला, पाणी मी ओळखलं नाही. घरी आल्यावर मी चिडून विचारलं, बाबा, झोपला तो, आणि शिव्या तू का खाल्ल्या? बाप पाय धूत होता. म्हणाला, “त्याला होडीवर घेतला कोणी?”

हे मी तीस वर्षं पाळलं. खाऱ्या पाण्यात पाळलं. आणि कोरड्या जमिनीवर पहिल्यांदा हरलो तेव्हा खलाशांना पुढे ढकललं. त्यातल्या त्यात ज्याचं रक्त सांडत होतं, त्याला.

मला ठसका लागला. भारतीने पाणी दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही, असं माझं मत आहे. ती म्हणते विसरली.

त्याच संध्याकाळी बंदरावर शेडमध्ये सगळ्या होड्यांची बैठक होती. बंदी उठल्यावर कोणत्या दिवशी बाहेर पडायचं, बर्फ कोणी किती घ्यायचा, असलं ठरवायला. हिंदू, ख्रिस्ती, सगळे होडीवाले येतात. बायकाही येतात, कारण मासळी शेवटी त्याच विकतात. पत्र्यावर पाऊस वाजत होता. कडेला पोरं उभी होती, आमचीच, सात-आठ. जोयल एका प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसला होता, पायाला पांढरं बांधलेलं, वर पिशवी गुंडाळलेली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

बर्फाचं ठरलं, दिवस ठरला. लोक उठायला लागले. मी उभा राहिलो आणि हाक दिली, होडीवर देतो ती. सगळे थांबले. त्या हाकेला अजून किंमत आहे, हे बघून बरं वाटलं, आणि लगेच लाज वाटली.

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते पाठ आहे. दुपारपासून मनात घोकलं होतं.

“रविवारी जाळं रिकामं आलं. पाणी मी ओळखलं न्हाय. त्या टीमचा कोच बूट देत होता, मी घेऊ दिले न्हाय. जोयलचे स्वतःचे बूट टेम्पोत होते, मी घालू दिले न्हाय. त्याचं नख माझ्या हट्टाने गेलं, त्याची पहिली खेप माझ्या हट्टाने गेली. आणि वर माइकवर मी त्यालाच बोललो. ते खोटं होतं. पोरं हरली न्हाईत. मी हरवलं.”

मग एक म्हातारा होडीवाला, माझ्याच वयाचा, मागून म्हणाला, काय रे, मग आता तुला होडीवरून उतरवायचा का? काही जण हसले. मी म्हणालो, उतरवा. आजपासून उतरलोच. दुसरा कोणी बघा.

असं म्हणून मी बॉल खाली ठेवला. मनात कुठेतरी वाटलं होतं की हे फार शोभून दिसेल. म्हातारपणी सुद्धा माणूस नाटक सोडत नाही.

हर्षद दोन वेळा विचार करून एकदा बोलणारा. तो पुढे आला, बॉल उचलला, परत माझ्या हातात दिला. “उतरायचं न्हाय, तांडेल. तुमी बिघडवलं, तुमीच सुधरवा. आमच्या डोक्यावर ठेवून घरी जाल, असं न्हाय चालायचं.”

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि मिठी मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. मग मी बायकांकडे वळलो. खळं त्यांचं. त्यांना विचारलं, बंदीच्या दिवसांत पोरांनी खळ्यावर बूट घातले तर चालेल का. एवढी वर्षं हा कायदा मी त्यांच्या नावाने चालवत होतो आणि त्यांना विचारलं मात्र आज.

भारतीच आधी बोलली. “पावसात कुठं मासळी सुकते? बूट काय, घोडे फिरवा. वलांड्या बांधायच्या आधी पाणी मारून द्या म्हणजे झालं.” बाकीच्या हसल्या. एकीने तर सांगितलं, आमाला कदी त्रास नव्हताच, तुमीच ओरडायचात.

तेवढ्यात जोयल उठला. सगळ्यांना वाटलं काहीतरी बोलेल. मलाही वाटलं. त्याने हर्षदच्या खांद्यावर हात ठेवला आणि लंगडत पावसात निघून गेला. माझं बोलून झालं होतं, आणि ज्याच्यासाठी बोललो त्याने पावती दिली नव्हती. द्यायला तो बांधील नव्हता. हे समजायला मला वेळ लागला. माफी मागणारा माणूस पण मनातल्या मनात हुकूमच सोडत असतो: आता कर मला माफ.

आज मी एकाहत्तरचा आहे. हे लिहीत असताना ओट्यावरून खळं दिसतं. या वर्षी पोरांनी एक वलांडी सोडलीच नाही. तिच्यावर बूट टांगलेत, लेसला लेस बांधून, जोडीजोडीने, तोंड खाली. बारा-तेरा जोड्या, लाल, हिरवे, एक पिवळा. लांबून बघितलं तर बोंबीलच. भारती म्हणते, यांना मीठ लावायला विसरले. ऊन आलं की खळ्यावर ओल्या बुटांचा वास सुटतो आणि तो बोंबलापेक्षा कितीतरी वाईट आहे, हे मी कोणालाही शपथेवर सांगायला तयार आहे.

आम्ही त्यानंतर कप आणला असं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या फेरीत हरलो. गेल्या वर्षी सेमीफायनलला हरलो. पण बूट घालून हरलो, आणि दोन्ही वेळा टेम्पोतून मी आधी उतरलो, रस्त्यात जो भेटला त्याला सांगितलं, माझं चुकलं, दुसऱ्या डावात दमलेल्या पोराला मी बाहेर काढायला हवा होता. लोकांना आता याची सवय झालीये. कोणी शिव्या देतं, कोणी चहा देतं. इंद्रलोकचा तो उलट्या टोपीचा कोच आता जून लागला की फोन करतो, अंकल, प्रॅक्टिस मॅच कब? त्याची टीम एकदा खळ्यावर आणली होती. चिखलात त्यांचे बूट असे रुतले की एकाचा तर खेळ संपल्यावर शोधावा लागला. त्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि मी त्याला घरी नेऊन बोंबलाचं कालवण खायला घातलं. ‘सूखी मच्छी’ त्याने तीनदा मागून घेतली.

हाक मी अजून देतो. हुकूमही देतो. पण हुकूम देण्याआधी हर्षदकडे एकदा बघतो. तो मान हलवतो किंवा नाही हलवत. एवढा फरक पडायला अडुसष्ट वर्षं लागली. काही लोकांना तेवढ्यातही पडत नाही, म्हणून मी स्वतःवर फार नाराज नाही.

ती बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा वाजता उठलो. पाऊस थांबला होता, चर्चची घंटा वाजत होती. मी जोयलच्या घरी गेलो. तो अंगणात पाय वर ठेवून चहा पीत बसला होता. त्याची आई दारात आली, मला बघितलं आणि आत गेली. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. सगळी रात्र ठरवलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना. म्हणालो, “तुझे बूट दे.”

“कशाला?”

“तुझा नऊ नंबर. माझा पण नऊ.”

त्याने बराच वेळ माझे पाय बघितले. मग आईला हाक मारली. पिवळे बूट बाहेर आले, अजून कागद कोंबलेले. मी पायरीवर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा बुटात पाय घातला. आत अंधार होता. तळव्याला काही कळेना, कुठे आहे, कशावर आहे. लेस बांधायला घेतली. जाळ्याच्या सात गाठी मला डोळे मिटून येतात, त्यातली सगळ्यात पक्की मारली.

“तांडेल, ती सुटणार न्हाय,” जोयल म्हणाला.

“न सुटण्यासाठीच मारलीये.”

“संध्याकाळी काढणार कशी?”

तो वाकला, दुखऱ्या पायामुळे तोंड वाकडं करत, आणि माझी गाठ नखाने उकलून त्याने मला फुलासारखी एक ढिली गाठ दाखवली. एका ओढीत सुटणारी. म्हणाला, असं. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमली.

मग आम्ही खळ्यावर आलो, तो माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत, मी त्याच्या बुटात लंगडत. पोरं नव्हती. ओट्यांवर बायका दात घासत उभ्या होत्या. मी कडेला सवयीने थांबलो, चपला काढायला वाकलो, आणि मग आठवलं. पाय खळ्यात टाकला. चिखल बुटाच्या खाली राहिला, माझ्यापर्यंत आलाच नाही. फार विचित्र वाटलं. पळायला लागलो. पळणं कसलं, हेलकावे खात गेलो, भरलेली होडी जाते तसा. गोलाच्या बांबूला वळसा घालताना घसरलो, उठलो, एका ओट्यावरून कोणीतरी काहीतरी बोललं आणि चार जणी हसल्या. फेरी पुरी करून मी जोयलपुढे येऊन उभा राहिलो, धापा टाकत.

तो रचलेल्या बांबूंवर बसला होता, बांधलेला पाय पुढे काढून. त्याने माझ्या पायातल्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अजून एक,” तो म्हणाला.

आणि मी अजून एक फेरी मारली.